आत घेणे

पनवेल,
५ ऑगस्ट १९९०

चि. कमल,

तुझं कार्ड परवा दुपारी आलं. मी बाही जोडत होते. पोस्टमनने ते मशीनच्या फळीवर ठेवलं, पत्त्याची बाजू वर. बाही पुरी होईपर्यंत मी ते उलटलंच नाही. अलिबागचा शिक्का आणि तुझं गोल अक्षर बघत पायडल मारत राहिले. जवळजवळ दोन महिने वाट पाहिल्यावर आणखी दोन मिनिटं जड गेली नाहीत.

मग उलटलं. सगळ्या कार्डावर मधोमध एकच ओळ, तीही इंग्रजीत. यू टुक मी इन. खाली सही, कमळी.

माझं इंग्रजी आठवीपर्यंतचं, ते तुला ठाऊक आहे. पण एवढ्याचा अर्थ मला लागला. तुम्ही मला घरात घेतलंत. मला इतकं बरं वाटलं, की समोरच्या रमावहिनी ब्लाउज न्यायला आल्या त्यांनाही मी ते कार्ड दाखवलं. म्हटलं, कमलचं आहे, आठवण ठेवते हो पोर. त्यांनी वाचलं आणि छान म्हणाल्या. त्यांचंही इंग्रजी माझ्याइतकंच.

संध्याकाळी हे घरी आल्यावर ह्यांच्या हातात दिलं. ह्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, आणि कार्ड खिडकीत ठेवून गाढी नदीच्या बाजूला फिरायला निघून गेले.

हल्ली दुपारी मला एक गुंगी येते. झोप नाही ती, कारण रस्त्यावरून जाणाऱ्या सायकलची घंटासुद्धा ऐकू येते. पण त्या गुंगीत घर जरा पाण्याखाली गेल्यासारखं होतं आणि तू पुढच्या पायरीवर असतेस, सात वर्षांची, आईच्या लुगड्यात गुंडाळलेली, अंगात ताप. तुझी आई भामा म्हणते, "चार दिस ठेवा बाय. इटांच्या भट्टीवर नेली तर मरंल." ती आपल्याकडे मोळी टाकायची, तेवढीच ओळख. मी तुला उचलून आत आणते तेव्हा तुझं डोकं माझ्या गळ्याला लागतं, तापलेलं. इथे नेहमी जाग येते.

ते चार दिवस अकरा वर्षं चालले.

निघालीस त्या दिवशी तू काही खाल्लं नव्हतंस. डी.एड.च्या वसतिगृहात सकाळी काय देतात? पित्त होऊ देऊ नकोस. पुन्हा लिही. मराठीत लिहिलंस तरी मी काही म्हणणार नाही.

तुझी,
काकू

पनवेल,
२६ ऑगस्ट १९९०

चि. कमल,

तुझं उत्तर नाही. ह्यांनी काल वाचनालयातून मोठी डिक्शनरी घरी आणली. त्यांच्या इतक्या वर्षांच्या कोर्टातल्या नोकरीमुळे तिथला माणूस त्यांना नाही म्हणत नाही. टेबलावर उघडून म्हणाले, "अरुंधती, तुझं ते कार्ड घेऊन ये. त्या शब्दाचे अर्थ एकाहून जास्त आहेत."

तू अकरावीत होतीस तेव्हा मला हेच शिकवायचीस. मी मशीनवर, तू खाली चटईवर वही घेऊन. म्हणायचीस, काकू, इंग्रजीत क्रियापदाला एक छोटंसं शेपूट लावलं की ते भलतीकडेच पळतं. टेक म्हणजे घे, पण टेक ऑफ म्हणजे विमान उडतं, टेक आफ्टर म्हणजे पोर आईवर जातं. मी हसायचे. मला ते खरंच कधी जमलं नाही, पण तुझा आवाज आणि मशीनचा आवाज एकात एक मिसळून दुपार कशी जायची ते कळायचं नाही.

तर हे वाचत होते आणि मी ऐकत होते. टेक इन म्हणजे आसरा देणे, घरात ठेवून घेणे. मी म्हटलं, हेच ते. ते म्हणाले, थांब. होडीने पाणी आत घेणे. घरबसल्या दुसऱ्यांचं शिवणकाम घेणे. मी म्हटलं, म्हणजे माझ्या धंद्यालाही तोच शब्द? ते म्हणाले, पुढे बघ, कपडा अंगाबरोबर करण्यासाठी शिवणीत आत घेणे. मला गंमत वाटली. तुझे पहिले सगळे फ्रॉक मी माझ्या जुन्या साड्यांचे शिवले, ते आठवतं? मुद्दाम मोठे शिवायचे आणि आत घ्यायचे. शिवणीत जादा कापडाची माया इतकी ठेवायचे की दर वर्षी एक टीप उसवली की झालं. बदामी फ्रॉक तू चार वर्षं घातलास.

मग ऐकलेलं, पाहिलेलं मनात उतरवून घेणे. आणि शेवटी हे थांबले. मीच वाकून बघितलं. इंग्रजी अक्षरं मला लावता येतात. चीट. डिसीव्ह. फूल. पुढचे शब्द मी वाचले नाहीत.

मी विचारलं, "फसवण्यात आत घेण्यासारखं काय आहे?" ह्यांनी पुस्तक मिटलं. म्हणाले, "तिने कुठल्या अर्थाने लिहिलंय, ते मला ठाऊक नाही. तुला ठाऊक आहे का?"

मी नाही म्हटलं.

मागच्या पत्रात मी लिहिलं की निघालीस त्या दिवशी तू काही खाल्लं नव्हतंस. ते तसं नाही. सकाळी तू पोहे खाऊन निघालीस. ह्यांनी तुला अलिबागच्या एस.टी.त बसवलं. आणि तासाभराने तू परत दारात उभी होतीस, कपाळावर घाम, चप्पल चिखलाने भरलेली. पळस्प्याच्या नाक्यावर गाडी थांबली होती, आणि तिथे रानभाजी घेऊन बसलेल्या बायकांत तुला भामा दिसली. तू गाडीतून उतरलीस. हे सगळं तू मला सांगितलं नाहीस, मी मागाहून जुळवलं. तू दारातूनच एवढंच विचारलंस, "काकू, मी कधी सहलीला गेले होते?"

मी म्हटलं, आधी पाणी पी.

तू पाणी प्यायली नाहीस. कपाटातली तुझी दहावीची गुणपत्रिका काढलीस आणि पुढच्या गाडीने गेलीस. मी पोह्यांची कढई घासत होते, म्हणजे पोहे खाल्लेले मला पक्कं आठवतं.

काकू

पनवेल,
११ ऑक्टोबर १९९०

कमल,

आता सांगते. पावसाळा सरला आहे, सकाळी गाढीवरून धुकं वर येतं आणि लाईन आळीतली घरं निम्मी दिसतात, निम्मी नाहीत. अशा वेळी लिहायला सोपं जातं. समोर कोणी आहे असं वाटत नाही.

पहिली पाच वर्षं भामा भट्टीवरून परतली की तुला बघायला यायची, पायरीवर बसायची, तू तिच्या शेजारी. तू तिच्या बोलीत बोलायचीस आणि मला त्यातलं निम्मं कळायचं नाही. ती गेली की तू दोन दिवस तसंच बोलायचीस. हाय, नाय, आमी, तुमी. मी तुला दुरुस्त करायचे. शाळेत नाव घालताना मी कमळीचं कमल केलं, तेही तिला न विचारता. मास्तरांना सांगितलं, पुढे बरं पडेल. हळदीकुंकवाला बायका विचारायच्या, ही कोण? मी म्हणायचे, आमची कमल. तेवढंच. पुढचं त्यांनी काय समजायचं ते समजोत.

चौऱ्याऐंशीच्या दिवाळीनंतरची गोष्ट. तू बारा वर्षांची, शाळेत गेलेली. ह्यांचं कोर्ट चालू. दहाच्या सुमाराला भामा आली. पायरीवर बसली, आत ये म्हटलं तरी आली नाही. म्हणाली, ह्या खेपेला भट्टी लांब आहे, घाटावर. दुपारी ट्रक निघेल. बाळ्याने, म्हणजे तुझ्या वडिलांनी, सांगितलंय की पोरगी आता मोठी झाली, तिला घेऊन ये. धाकटं पोर सांभाळायला हवी, विटा उचलायला हवी.

मग तिने मला विचारलं, "कमळी कुटं हाय?"

मी तेव्हा कुणाच्या तरी पोलक्याला काजं करत होते. सुई हातात होती. मी मान वर न करता म्हटलं, "सहलीला गेलीय शाळेच्या. चार दिवसांनी येईल."

शाळा कुठे होती गं? दोन आळ्या पलीकडे. मधल्या सुट्टीची घंटा आपल्या घरी ऐकू येते. ती वाजेल म्हणून मी बोलत राहिले. चहा केला. भामाने चहा प्यायला. एकदाच विचारलं, "बरी हाय ना?" मी बरी आहे म्हटलं. तिने पदरातून पानात बांधलेली बोरं काढून पायरीवर ठेवली आणि गेली. मी दार लावून घेतलं आणि मगच घंटा वाजली.

ती बोरं मी तुला दुपारी दिली. बाजारातून आणली म्हणून सांगितलं. तू ती मीठ लावून खाल्लीस आणि चार आठोळ्या परसात पुरल्यास.

त्यानंतर भामा आली नाही. वर्षभर तू विचारायचीस, मग विचारायचं सोडलंस. एकदा तू तापात बडबडलीस की आई विसरली. मी जवळ बसले होते. तेव्हा सांगता आलं असतं. मी कपाळावरची पट्टी बदलली.

मी तुला शिकवलं, खायला घातलं, असं लिहायला मी बसले होते, पण ते तुला माहीत आहे. हे माहीत नव्हतं, म्हणून हे लिहिलं.

काकू

पनवेल,
२० जानेवारी १९९१

कमळी,

हे पत्र मी टाकणार नाही. तुझ्या नावाने लिहिते आहे, कारण इतक्या महिन्यांत मला दुसऱ्या कुणाला लिहायची सवयच राहिली नाही. लिहून झालं की चुलीत घालेन. ह्यांनासुद्धा दाखवणार नाही.

तुझं आंतरदेशीय पत्र संक्रांतीला आलं. मराठीत. तू रागावून लिहिशील असं वाटलं होतं. तू शांतपणे लिहिलंस की तुमचं ऑक्टोबरचं पत्र वाचलं, खरं सांगितलंत, बरं केलंत. आणि मग तो प्रश्न. त्या दिवशी आई तुमच्या बोलण्याला फसून गेली, की तिलाच मी नको होते? ती म्हणते, मी न्यायला आले होते. पण मग सहा वर्षं पुन्हा का आली नाही? तिला विचारायला माझी जीभ उचलत नाही. तुम्ही तिच्यासमोर होतात. तुम्हीच सांगा.

मला काय ठाऊक? मी तर मान खाली घालून काजं करत होते. तिचा चेहरा मी बघितलाच नव्हता.

म्हणून काल मी गेले. पळस्प्याला बायकांनी सांगितलं, भामा ह्या वर्षी तळोज्याच्या अलीकडच्या भट्टीवर आहे. रिक्षाने फाट्यापर्यंत आणि पुढे शेतातून पायी. सकाळचे नऊ वाजले असतील, पण ऊन नव्हतं. धुकं आणि भट्टीचा धूर एकमेकांत मिसळला होता आणि त्याला कारखान्यांकडचा कसलासा आंबूस वास येत होता. माणसं दिसायच्या आधी त्यांचे आवाज येत होते. कच्च्या विटांच्या रांगा इतक्या लांबवर गेल्या होत्या की कुठे संपतात ते दिसत नव्हतं. मला वाटलं, मी अजून मशीनवरच आहे आणि दुपारची गुंगी आली आहे. मग धुरातून एक बाई डोक्यावर विटा घेऊन माझ्याकडे चालत आली आणि थांबली. तिने मला ओळखलं. मी तिला ओळखलं नाही, इतकी ती म्हातारी झाली आहे. माझ्याहून दहा वर्षांनी तरी लहान असेल ती.

तिने विटा उतरवल्या. आम्ही दोघी एका रांगेच्या आडोशाला बसलो. मी काय बोलायचं ते रिक्षात घोकत आले होते, ते सगळं विसरले. म्हटलं, भामा, त्या दिवशी कमळी सहलीला गेली नव्हती. ती शाळेत होती. मी तुझ्याशी खोटं बोलले.

ती म्हणाली, "मला ठावं हाय."

मला वाटलं, तू सांगितलंस म्हणून. मी तसं विचारलं. तिने नाही म्हणून मान हलवली.

"तवाच ठावं होतं. मी शालेवरनंच आल्ते. पोरी रांगेत उब्या होत्या, कवायत करत होत्या. कमळी पुढं होती, वेण्यांना रिबिनी. मी कुंपणाच्या भाईर उबी राऊन बघितलं, आन मंग तुमच्याकडं आले."

मी विचारलं, मग मला का विचारलंस, कुठे आहे म्हणून?

तिने हातावरची माती चोळली. म्हणाली, "तुमी काय बोलता ते बघायचं होतं. घेऊन जा बोलल्या असत्या, तर नेली असती. नवऱ्यानं आणायला सांगितलंच होतं. पन तुमी खोटं बोलल्या. तवा मला समजलं, ह्या बायला पोर पायजे हाय."

कमळी, मी त्या विटांना हात टेकला. त्या ओल्या होत्या आणि माझ्या बोटांचे ठसे उठले.

ती पुढे म्हणाली की नवऱ्याला सांगायला तिला काहीतरी हवं होतं, ते मी दिलं. पोरगी गावात नाही म्हटल्यावर तो गप्प बसला, ट्रक निघाला. मी म्हटलं, पण पुढे का आली नाहीस? नुसती बघायला तरी. तर म्हणाली, "आले असते तर न्यायाला लागलं असतं."

असं तिने अगदी साधं, हवापाणी सांगावं तसं सांगितलं. पण मग माझा हात धरला. तिचा तळवा विटेसारखाच खरखरीत. म्हणाली, हे कमळीला सांगू नका. ती नाक्यावर रडत विचारत होती, तू का आली नाहीस. मी बोलले, न्यायाला आल्ते, तू सहलीला गेल्तीस. "तेवडंच तिला राऊ द्या. मला ठावं होतं असं कळलं, तर ती बोलंल, आयनं टाकली."

मी म्हटलं, तू टाकलं नाहीस, तू तिच्यासाठी सोडलंस, ती शिकलेली आहे, तिला समजेल. भामा म्हणाली, "शिकल्याली हाय म्हनूनच. इचार करत बसंल."

तिकडून मुकादमाने हाक मारली. ती उठली, चुंबळ डोक्यावर ठेवली. मी तिला विटा रचू लागले, चार-पाच, तर म्हणाली, राहू द्या बाय, तुमची साडी खराब होईल. मग धुरात गेली. मी बराच वेळ तिथेच उभी होते. कुठल्या दिशेने आले ते मला कळत नव्हतं.

अकरा वर्षं मी समजत होते की मी तुला ठेवून घेतलं, आणि गेले काही महिने समजत होते की मी तुला चोरलं. काल कळलं की तुला मला दिलं होतं. कोणीतरी कुंपणाबाहेर उभं राहून, नीट बघून, मला दिलं होतं. मला आई म्हणायला तू कधी तयार झाली नाहीस, आणि मी कधी आग्रह धरला नाही. पण काल घरी येताना रिक्षात मी रडले, ते दुःखाने नाही. हे तुला सांगावं असं माझ्या जिवाला इतकं वाटतं आहे की हात थांबत नाही. तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर दिलं, तर तू मला माफ करशील हेही मला दिसतं आहे. म्हणशील, काकूंनी फसवलं कुठे, आईला तर माहीतच होतं.

आणि मग दुसऱ्या दिवशी तू विचार करत बसशील.

मी भामाला हो म्हटलं आहे.

पनवेल,
२२ जानेवारी १९९१

चि. कमळी,

तुझं पत्र मिळालं. उत्तराला आठ दिवस लागले, मध्ये लग्नाची पोलकी होती.

तू विचारलंस त्याचं उत्तर देते. तुझी आई फसून गेली. माझ्या शब्दावर तिचा पूर्ण विश्वास होता. तिने मला दोनदा विचारलं, खरंच सहलीला गेली का? मी दोन्ही वेळा हो म्हटलं. ती जायला तयार नव्हती. चार दिवस थांबते म्हणाली, पण ट्रक दुपारचा होता. जाताना ती रडत होती, ते मी मागच्या पत्रात लिहिलं नव्हतं, कारण लिहवलं नाही. पुढे ती आली नाही त्यालाही कारण मीच. मी तिला सांगितलं होतं की पोर आता इथे रुळली आहे, सारखी आलीस तर तिचं अभ्यासात लक्ष राहणार नाही. तिने तेही खरं मानलं.

तेव्हा कार्डावर तू जे लिहिलंस ते बरोबर आहे, आणि कुठल्या अर्थाने लिहिलंस तेही मला कळलं. तो अर्थ माझ्या एकटीचा आहे. त्यात आईला धरू नकोस, आणि तिला त्याबद्दल काही विचारूही नकोस. तिने एकदा सोसलं आहे.

ती सध्या तळोज्याच्या अलीकडे भट्टीवर आहे असं पळस्प्याच्या बायकांकडून कळलं. परीक्षा झाली की सुट्टीत आधी तिच्याकडे जा. आमच्याकडे आली नाहीस तरी चालेल. काकांना मात्र चार ओळी लिही, ते रोज पोस्टमनच्या वेळेला बाहेर येऊन उभे राहतात.

तुझ्या आईने तुला टाकलं, असं कधी मनात आणू नकोस. ती तुला न्यायला आली होती. मी तुला दिलं नाही.

काकू